उणे एकतीस

झाडांचा वाढदिवस आहे आज, मी सांगते.
चौदा जण बुटांतला बर्फ झटकत
अर्ध्या खिडकीकडे बघतात.
तळघरातून एल्मचं फक्त खोड दिसतं,
काळं, ओलं नाही, कोरडंही नाही.
"मेलंय ते," तोव्हा म्हणते.
"मेलेल्यांचा केक नसतो."

विनिपेगमध्ये शेवातची पौर्णिमा अशी उगवते.
हा सण जिथून निघाला
तिथे बदाम फुलले असतील एव्हाना;
इथे मी हीटरवर ठेवलीय
मातीची पिशवी,
ढेकळं सुटायची वाट बघत.

तू बिश्वात. 'तू' म्हणजे पंधरा,
अक्षरांनी मोजलेले.
याकीर बोटं मोजतो, कमी पडतात,
शेजारच्या झेल्डाची पाच उसनी घेतो.

मग थाळी: अंजीर, खजूर, डाळिंबाचे दाणे,
आणि कॅरोबची शेंग, जी कुणालाच तोडता येत नाही.
"हा बूट आहे," झेल्डा जाहीर करते.
मी सांगते, माझ्या आजोबांच्या गावी
वर्षातून एकदा हाच बूट यायचा,
बोटीतून, आगगाडीतून, न सडता,
आणि ते तो आठवडाभर चघळायचे.
"का?"
का ते मलाही नीट माहीत नाही.
मी म्हणते, गोड असतो. शेवटी शेवटी.

दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती.
प्रत्येकी पाच बिया पार्स्लीच्या,
कोथिंबिरीच्या चुलतबहिणीच्या.
दोन पौर्णिमांनी पेसाख येईल,
तेव्हा हीच कापून मिठाच्या पाण्यात बुडवायची.
हर्शने पाचही बिया एकाच भोकात घातल्या.
"त्यांना एकटं वाटेल," म्हणाला.

आणि मग खेळ. तपकिरी घोंगडीखाली
सगळ्यांनी बी व्हायचं, गुडघे पोटाशी.
तोव्हा पाऊस, शिट्टीच्या डब्यात तांदूळ.
मी सूर्य, हातात बॅटरी.
एकेक जण उगवतो:
आधी बोट, मग कोपर, मग केसांचं झाड.
याकीर दोनदा उगवतो, नियमात बसत नाही,
पण बसवून घेतो.

घोंगडीला एक उंचवटा उरतो.
हर्श, मी म्हणते, वसंत आला.
उंचवटा म्हणतो, नाही आला.
मी बॅटरी जवळ नेते.
उंचवटा म्हणतो, ही बॅटरी आहे.

साडेअकरा. वर सूप निवतंय.
मी वाकून घोंगडीचं टोक धरते,
आणि झेल्डा माझ्या मनगटाला हात लावते:
"ओढू नका ना. मूळ तुटेल."
ती त्याच्या शेजारी जाऊन बसते.
मग तोव्हा. मग याकीर, मांडी घालून, न बोलता,
जे मी सप्टेंबरपासून शिकवते आहे
आणि कधीच जमलं नव्हतं.
चौदातले तेरा जण एका बीभोवती.
सूप गार झालं. मी ते होऊ दिलं.

तो कधी उठला, सांगता येत नाही.
पावणेबाराला पाहिलं तर तोही
त्यांच्यात बसून घोंगडीकडे बघत होता.

खिडकीत चौदा डबे. बारा उगवले.
तोव्हाचा मांजराने खाल्ला, घरी नेल्यावर.
हर्शचा आठ आठवडे नुसती माती,
आणि मी, खरं सांगायचं तर,
एका रविवारी दुकानातलं रोप आणून
गुपचूप खोचायला निघाले होते.
बोट मातीत घातलं. काहीतरी टोचलं.
डबा जागेवर ठेवला.

पेसाखनंतर त्याची आई सांगत होती:
सेदरच्या संध्याकाळी दोनच पानं होती,
एवढीशी, हातात कात्री घेऊन सगळे उभे,
आणि हर्शने डबा छातीशी धरलेला.
कापू दिली नाहीत.
शेवटी शेजाऱ्यांकडून जुडी मागवली,
आणि तो डबा ठेवला मेजावर,
एलियाहूसाठी भरलेल्या पेल्याशेजारी,
जो दरवर्षी येतो म्हणतात
आणि ज्याला कुणी घाई करत नाही.